पाताळ कोणी वसविले?

(दिल्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘पाताल लोक’ ही हिंदी मालिका मे २०२० मध्ये प्रदर्शित झाली. ‘किल्ला’ या चित्रपटामुळे मराठी प्रेक्षकांना परिचित असलेले अविनाश अरुण हे तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. आरंभीच यमुनेपलीकडील ठाण्याचा इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी सहकाऱ्याला दिल्लीचा भूगोल समजावून देतो: या एका शहरात स्वर्ग, पृथ्वी व पाताळ असे तीन लोक नांदतात, आणि आपले ठाणे पाताळात येते.

या पाताळातील गुन्हेगार जन्मत नाहीत, घडविले जातात, हे मालिका निर्भयपणे दाखविते. बहिणींवरील अत्याचाराचा सूड घेण्यासाठी चित्रकूटचा शाळकरी विशाल त्यागी हातोडा उचलतो. चीनीचे बालपण दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर बेवारस पोरांत सरते. आणि खुद्द हाथीरामचा किशोरवयीन मुलगा सिद्धार्थ हाही वस्तीतील टवाळखोरांच्या नादी लागतो.

मग सिद्धार्थ वाचतो आणि चीनी वाचत नाही, ते का? त्याचा स्वभाव अधिक थोर आहे म्हणून? मुळीच नाही. त्याच्या घराला दार आहे, बापाला दरमहा निश्चित वेतन आहे, आणि मुलगा वाट चुकला तर त्याच्यामागे धावणारे कोणी आहे. मुलाला गुन्ह्यापासून वाचविणारी सामग्री इतकी साधी असते!

मात्र येथेच मालिका थांबते. तिचे पाताळ जणू अनादी आहे. वस्तुतः त्याला सनावळी आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात दिल्लीतील झोपड्या पाडून सुमारे ७ लाख माणसांना शहराच्या कडेला नेऊन टाकण्यात आले. कुटुंबामागे जेमतेम २५ चौरस वारांचा तुकडा मिळाला. यमुनेपलीकडे अशी जी वसाहत उभी राहिली तिचे नाव, योगायोग पाहा, त्रिलोकपुरी! रोजगार मात्र नदीच्या अलीकडेच राहिला. आईबाप पहाटे कामासाठी नदी ओलांडून गेले की दिवसभर मूल गल्लीच्या स्वाधीन. हे पाताळ शास्त्रांनी सांगितलेले नव्हे. शासनाने ट्रकांतून वाहून आणलेले आहे.

आणि त्या मुलाला आपण दिलेले उत्तर कोणते? डिसेंबर २०१५ मध्ये संसदेने नवा बालन्याय कायदा संमत केला. त्यानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलावर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्राथमिक मूल्यमापनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला यातील विसंगती विशेष जाणवते. त्याच कायद्यातील मुलासाठी आपल्या शासकीय मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा सहृदय शब्द आहे. शब्द मऊ झाला, तुरुंगाचे दार मात्र दोन वर्षे अलीकडे आले.

मित्रहो, मालिका जरूर पाहा. ती पाहण्याजोगी आहे. परंतु ‘हा मुलगा असा का झाला?’ या तिच्या प्रश्नावर थांबू नका. त्याची वस्ती तेथे कोणी नेली, हा प्रश्न आपण विचारावयाचा आहे.