सेवा आणि वेठ
(सोलापूर येथील बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील आहे, डॉक्टर नव्हे. वैद्यकीय शिक्षणाच्या प्रश्नावर मी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु बारावीचा आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की माझ्या कचेरीत जमिनीच्या वादापेक्षा प्रवेशाचेच कागद अधिक येतात. त्यांतल्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न आज मी आपणांपुढे ठेवीत आहे, कारण तो उद्या आपल्या घरातही उभा राहणार आहे.

वडील यंत्रमागावर, आई विडी कामगार, आणि मुलगी घराण्यात पहिलीच बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झालेली. कुटुंबाने काही महिन्यांपूर्वीच दीक्षा घेतली होती. मुलीला गुण बरे पडले, परंतु १९६३ साली आपल्या सोलापुरात सुरू झालेल्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळण्याइतके पडले नाहीत. जागा मिळत होती ती दूरच्या एका नव्या महाविद्यालयात. 'खेड्यातील गोरगरीब रुग्णांची सेवा' हे ध्येय त्या संस्थेने दारावरच लिहिले होते आणि शिक्षणानंतर काही काळ खेड्यात काम करण्याची अट घातली होती. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीला पाठवू की वर्षभर थांबवून पुन्हा परीक्षेला बसवू?" आई काही बोलली नाही, मात्र जाताना दारात थांबून तिने विचारले, "सेवा म्हणजे नक्की काय करून घेणार?"

माझ्या मते त्या माउलीचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही अधिक अचूक होता. सेवा हा शब्द आपल्या पूर्वजांना नवा नाही. गावाची चाकरी ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. तिला काळवेळ नव्हती, ठरलेला पगार नव्हता, नकार देण्याची मुभा नव्हती, आणि ती एकाच जातीच्या वाट्याला येत होती. त्या चाकरीचे खरे नाव वेठ. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली आणि मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. म्हणून सेवेची अट समोर आली की आपण भुलून जाऊ नये आणि भिऊनही जाऊ नये. ती सेवा आहे की वेठ, एवढे तपासून पाहावे.

प्रथम नवेपणाची भीती दूर करू. संस्था नवी आहे एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही. ज्यांच्या नावाचा आपण सोलापूरकर अभिमान बाळगतो ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली याच शहरात जन्मले. ते मुंबईच्या ज्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, ते १९२६ साली सुरू झालेले, म्हणजे त्यांच्या विद्यार्थिदशेत अगदी तरुण होते. त्या महाविद्यालयालाही ध्येय होते. अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी घातली होती. परकीय सत्तेच्या काळात ही धाडसाची गोष्ट होती. तेथून बाहेर पडलेले कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथेच जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या महाविद्यालयाने ध्येयाचे बंधन स्वतःवर घातले होते आणि त्याच्या पाठीशी महापालिकेचे रुग्णालय उभे होते. चीनला जाण्याचे बंधन मात्र कोटणिसांवर कोणी घातले नव्हते. ते त्यांनी आपण होऊन पत्करले. तेव्हा कोणत्याही संस्थेचे ध्येय ऐकल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की, या ध्येयाचा भार कोण वाहतो? संस्था आणि तिचे चालकही वाहतात की केवळ विद्यार्थी?

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील, आणि आपल्या मनाला अधिक टोचणारे आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. शहर सोडून खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचा तो प्रयोग होता. तेथे खादी वापरावी, श्रमदान करावे, सर्वधर्मप्रार्थनेस बसावे, मांसाहार व व्यसन वर्ज्य करावे, असा आचारधर्म ठेवण्यात आला. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले शिबिर आश्रमात भरते, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि तेथील पदवीधराला तेथेच पदव्युत्तर शिक्षण हवे असेल तर त्याने आधी ग्रामीण भागात सेवा केली पाहिजे, असा नियम संस्थेने घातला.

आपल्या घरातील वडीलधारी मंडळी येथे साहजिकच विचारतील की, १९३२ चा पुणे करार ज्यांच्या उपोषणाखाली झाला त्यांच्या आश्रमात आमच्या मुलीने खादी नेसून बसायचे काय? पुणे करार विसरा, असे मी सांगणार नाही. परंतु तेथील आचारधर्म शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सारखाच लागू आहे, आणि प्रवेशापूर्वी तो उघडपणे सांगितला जातो. ज्या नियमात जात पाहिली जात नाही तो नियम कडक असू शकेल, पण तो वेठ नव्हे. आपली मुलगी रक्ताभिसरण शिकण्यासाठी तेथे गेली म्हणून तिची विचारशक्ती गहाण पडत नाही. ज्या संस्थेचे तत्त्वज्ञान आपणांस मान्य नाही तिच्यात शिकूनही आपली बुद्धी स्वतंत्र ठेवता येते.

प्रार्थनेपुरते कायदा काय म्हणतो तेही ऐका. शासनमान्य अथवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणाही व्यक्तीला, तिच्या संमतीवाचून, ती अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा धार्मिक उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. हे संविधानाचे कलम २८, खंड ३ होय. सर्वधर्मप्रार्थना ही उपासना की संस्कार, यावर वकील वाद घालू शकतील. परंतु संमतीचा हक्क तुमचा आहे, एवढे विसरू नका.

आता कागदांकडे वळतो, कारण आपली माणसे ध्येयाने कमी आणि कागदाने अधिक फसतात.

पहिला कागद संस्थेच्या परवानगीचा. नव्या महाविद्यालयाला राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाची परवानगी लागते. परवानगी म्हणजे मान्यता नव्हे. पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोहोचते तेव्हा पदवीच्या मान्यतेचा प्रश्न सुटतो. म्हणून यंदाची परवानगी आहे काय आणि किती जागांची आहे, हे आयोगाच्या यादीवरून पाहावे. संस्थेच्या जाहिरातीवरून पाहू नये.

दुसरी गोष्ट रुग्णालयाची. आयोगाच्या २०२३ च्या किमान निकषांप्रमाणे शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास ४२० खाटांचे रुग्णालय लागते. परंतु खाटा मोजून भागत नाही, खाटांवर रुग्ण पाहिजेत. एखाद्या साध्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसा. केसपेपरची रांग दिसली तर तेथे शिकता येईल. रांगच नसेल तर ध्येय कितीही थोर असले तरी मुलगी नाडी कोणाची पाहणार?

तिसरा कागद आपल्या हक्काचा. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे नीट ऐकावे. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही भीती आज निराधार आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. तथापि धर्म आणि जात या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले असेल तर मूळ अनुसूचित जात पूर्वजांच्या कागदांवरून सिद्ध करावी लागते, आणि जातवैधता प्रमाणपत्रासाठी निकालाची वाट न पाहता अकरावीतच अर्ज करावा. आणखी एक सावधगिरी घ्या. खाजगी संस्थांतही राखीव जागा ठेवण्याचा अधिकार कलम १५, खंड ५ ने शासनास दिला आहे. परंतु अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या आहेत. ध्येयाने चालणाऱ्या कित्येक संस्था अशा असतात. तेथे राखीव जागा गृहीत धरू नका, आधी विचारा.

चौथा कागद बंधपत्राचा. बंधपत्र शासकीय महाविद्यालयातही असते, तेव्हा त्याची लाज वा धास्ती नको. त्यात चार गोष्टी पाहा. सेवेची मुदत आकड्यात लिहिली आहे काय? त्या काळाचे वेतन लिहिले आहे काय? ज्याने पैसे भरून जागा घेतली त्यालाही तीच अट आहे काय? आणि सेवा करता आली नाही तर किती रक्कम भरावी लागेल? ही चार उत्तरे लेखी मिळाली तर ती सेवा. तोंडी मिळाली तर थांबा. मूळ दाखले हवाली करण्यापूर्वी साक्षांकित प्रती घरी ठेवा आणि पोच घ्या.

पाचवा प्रश्न कोणत्याही कागदावर नसतो. तो आपणांस बाबासाहेबांच्या चरित्राने शिकविला आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जाताना त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. आपल्या उद्धारकर्त्यानेही बंधपत्रावर सही केली होती! १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. पदवी होती, पद होते, महाराजांची मर्जी होती. राहण्यास खोली मिळाली नाही. पारशांच्या विश्रामगृहातूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. करारात सर्व काही होते, फक्त निवारा नव्हता.

म्हणून त्या संस्थेला विचारा: ज्या खेड्यात आमच्या मुलीला पाठवाल तेथे ती राहील कोठे? आरोग्यकेंद्राचे निवासस्थान आहे काय, की गावात आडनाव सांगून खोली शोधायची? रात्री बाळंतीण आली तर सोबतीला कोण? संस्थेने मान खाली घातली तर समजा की तिचे ध्येय कागदावरच आहे.

त्या कुटुंबाला मी जा असेही सांगितले नाही, जाऊ नका असेही नाही. हे पाच प्रश्न लिहून दिले. मायलेकी जाऊन आल्या. रुग्णांची रांग त्यांनी डोळ्यांनी पाहिली, बंधपत्राची प्रत आणली. निवासस्थानाचे उत्तर मात्र तोंडी मिळाले होते. मुलीने ते लेखी मागितले. पत्र आले तेव्हा ती मला म्हणाली, "काका, मी जाते. पण उपकार म्हणून नाही, करार म्हणून." तिच्या वडिलांना मी एवढेच म्हणालो की, निर्णय तिचा आहे आणि तो तिने विचारपूर्वक घेतला आहे. साडेपाच वर्षे तिला काढायची आहेत, आपल्याला नव्हे.

बंधु-भगिनींनो, ज्या गावकुसाबाहेर आपले पूर्वज राहिले तेथे आजही आजारी माणसे आहेत, आणि कित्येकदा त्यांच्या उंबऱ्यापर्यंत डॉक्टर पोहोचत नाही. आपली मुले तेथे गेली तर मला आनंदच वाटेल. परंतु त्यांनी स्वतःच्या संमतीने, ठरलेल्या मुदतीने, ठरलेल्या वेतनावर आणि राहत्या घराची किल्ली हाती घेऊन जावे. या मुलांनी गावात डॉक्टर म्हणूनच पाऊल ठेवले पाहिजे.