मान झटकतोय? झटकू द्या

आमच्या इंदूरच्या तुकोगंजात बारा वर्षांचा मुलगा डोळे मिचकावायला लागला, की निदान करायला सगळी गल्ली मोकळी असते. मोबाइल फार बघतो, असं एक जण म्हणतो. आजी दृष्ट काढते. बाबा दरडावतात, "बंद कर तो चाळा!" आणि एखादे काका धीर देतात, "उंची वाढतेय ना, नसा ताणल्या जातात."

नसा बिसा काही ताणल्या जात नाहीत. वयाशी संबंध मात्र आहे, पण उंचीशी नाही. मान झटकणं, खांदे उडवणं, नाक ओढणं, घसा खाकरणं यांना डॉक्टर 'टिक' म्हणतात. सुरुवात बहुधा ५ ते ७ या वयात होते, १० ते १२ या वयात जोर सर्वांत जास्त असतो आणि अठरावं सरेपर्यंत बहुतेकांचा तो बराच ओसरतो. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते तेराव्या-चौदाव्या वर्षी. म्हणजे पँट आखूड व्हायला लागते, तेव्हा टिकची पुष्कळदा उतरणच सुरू झालेली असते. मुलींची वाढ आधी होते, टिक मात्र मुलग्यांत तीन-चार पट अधिक.

आता मुलाच्या बाजूनं बघा. मानेत एक अस्वस्थपणा साठत जातो, झटका दिला की क्षणभर बरं वाटतं. शिंक दाबावी तसा तो झटका थोडा वेळ दाबता येतो. मुलगा शाळेत, चारचौघांत, जिवाच्या आकांतानं दाबतो. घरी आला की सोडून देतो. आणि आपण काय अनुमान काढतो? "शाळेत नीट असतो, म्हणजे घरी मुद्दाम करतो!" याहून मोठा अन्याय मला माहीत नाही. टोकलं की लक्ष तिथंच जातं आणि टिक वाढते. परीक्षा, जागरण यांनीही वाढते. तोच मुलगा तबल्यावर किंवा क्रिकेटमध्ये रमला की कमी होते.

हालचाली आणि आवाज दोन्ही असतील आणि वर्षाहून अधिक टिकले, तर त्याला टुरेट म्हणतात. फ्रान्सच्या जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं होतं. 'हिचकी' चित्रपटातली राणी मुखर्जीची टुरेट असलेली शिक्षिका आठवत असेल. गोळ्या प्रत्येकाला लागत नाहीत. झटक्याची चाहूल ओळखून त्याच्या उलट हालचाल करायची, असं एक शिक्षण आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १२६ मुलं होती. हे शिक्षण मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना स्पष्ट फरक पडला, नुसता धीर आणि माहिती मिळालेल्यांत पाचांतल्या एकालाही जेमतेम.

डोळे मिचकावत असेल तर एकदा चष्म्याचा नंबर आणि ॲलर्जी तपासून घ्या, तेवढं पुरे.

पण एक गोष्ट वेगळी. टिक ठरावीक असते, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा होते. मुलाचे हातपाय अचानक वेडेवाकडे, दर वेळी निराळे हलायला लागले, हातातून कप पडायला लागला, अक्षर एकाएकी बिघडलं, तर तो कोरिया नावाचा आजार असू शकतो. आपल्याकडे त्याचं एक मोठं कारण म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाती ताप, आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. घसा दुखून महिने लोटले असले, तरी हे होतं. अशा वेळी वाट पाहू नका, इंदूरच्या एम. वाय. इस्पितळात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे लगेच न्या आणि हृदयाची तपासणी करायला सांगा.