हातोडा पडण्यापूर्वी

लिलावात वापरलेली स्पोर्ट्स मोटार घेणाऱ्याला मोह पडतो तो किमतीचा, आणि तो अगदीच अनाठायी असतो असे नाही. नव्या मोटारीचे मोल पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते आणि ती तूट आधीच्या मालकाने सोसलेली असते. एप्रिल २०१९ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने जप्त केलेल्या मोटारींचा लिलाव झाला. त्यातील चार दारांच्या पोर्शे पानामेराला सुमारे ५४ लाख रुपयांची बोली लागली. नवीला याच्या दुपटीहून अधिक रक्कम मोजावी लागली असती.

परंतु अशी मोटार बहुधा ‘जशी आहे, जेथे आहे’ याच अटीवर मिळते. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. तो पडला की विक्री पुरी झाली. तेव्हा पारख करायची ती आधीच. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीत ब्रेकचे तेल ओल शोषून घेते, रबरी भाग कडक होतात. टायरवरील ‘३५१९’ हे अंक २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा सांगतात. गालिच्याखाली गाळ सापडला, तर मोटार पुरात बुडाली असावी, असा संशय घ्यावा. कर्जाचा बोजा व थकलेला करही तपासावा.

जाणता मेकॅनिक सोबत नेऊन, दुरुस्तीचा अदमास वजा करून, जो आपली अखेरची बोली घरीच ठरवतो, त्याला हा सौदा लाभण्याचा संभव अधिक. चढाओढीच्या भरात आकडा वाढवणाऱ्याला तीच मोटार महाग पडते.