तेलाचा तवंग आणि माशाचे हृदय



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे आपण सारेच जाणतो. तळपायाला चिकटलेले डांबर रॉकेलने पुसले की आपल्यापुरता विषय संपतो. जहाजातून सांडलेले तेल माशांचे काय करते, हा आजचा माझा विषय आहे. त्यासाठी मी आपणांस दूर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात नेणार आहे. कारण या प्रश्नाचा पाठपुरावा तेथे मोठ्या चिकाटीने झाला.

७ नोव्हेंबर २००७ रोजी दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे मालवाहू जहाज तेथील पुलाच्या आधारस्तंभाला घासले आणि सुमारे २ लाख लिटर इंधन तेल पाण्यात गेले. हे तेल म्हणजे पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर मागे उरणारा जड, काळा अंश. पक्षी मेले, ते सर्वांना दिसले. पुढे हिवाळ्यात हेरिंग मासे नेहमीप्रमाणे उथळ पाण्यात अंडी घालण्यास आले, तेव्हा तवंग डोळ्यांना दिसेनासा झाला होता.

मोठा मासा तेलापासून दूर पोहून जाऊ शकतो. शरीरात गेलेल्या विषाचे त्याचे यकृत बऱ्याच अंशी विघटनही करते. दगडाला वा समुद्रगवताला चिकटलेल्या अंड्याला यांतले काहीच साधत नाही. हेरिंगचे अंडे पारदर्शक असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली आतले इवलेसे हृदय धडधडताना दिसते. तेल लागलेल्या ठिकाणी थोड्या खोल पाण्यात ठेवलेल्या अंड्यांत हे ठोके मंदावलेले आढळले आणि हृदयाभोवती पाणी साचलेले दिसले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यातील अंडी तर फार मोठ्या प्रमाणावर मेली. त्यांच्या पेशीच विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. तेलाचे काही घटक उन्हात अधिक जहाल होतात, असा त्याचा उलगडा संशोधकांनी केला. ज्या उथळ, उबदार पाण्याचा पिलांना आधार, तेथेच हा घात व्हावा, हे मला फार विदारक वाटते.

हृदयच का? प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आत येते आणि पोटॅशियम बाहेर जाते. तेलातील तीन वलयांची फिनॅन्थ्रीनसारखी संयुगे ही ये-जा बिघडवतात. ट्यूना माशांच्या हृदयपेशींवरील प्रयोगांतून खनिज तेलाचा हा परिणाम २०१४ साली प्रसिद्ध झाला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात २०१० साली अंड्यांची तशी मरतूक आढळली नाही. परंतु जी पिले मरत नाहीत, त्यांचे काय? १९८९ च्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ दुर्घटनेनंतर अलास्कात गुलाबी सामन माशांची अंडी अत्यल्प तेलांशाच्या पाण्यात वाढवून, दिसायला धडधाकट असलेली पिले खूण करून समुद्रात सोडण्यात आली. स्वच्छ पाण्यातल्या भावंडांच्या तुलनेत त्यांतली कमीच मोठी होऊन परतली. उरलेली समुद्रात कोठे गेली, हे कोणी पाहिले नाही. नुकसानभरपाई ठरवताना किनाऱ्यावरचे मेलेले मासे मोजणाऱ्यांना ती सापडणारही नव्हती.