जुन्या संगणकप्रणालीचे नवे आयुष्य

(कार्यालयीन अभिलेखांविषयीच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यालयातील जुना संगणक निर्लेखित करावयाचा असला की आपण त्याचे वय पाहतो, किंमत पाहतो आणि प्रस्ताव सादर करतो. त्यात साठविलेली माहिती उद्या कोणाला वाचता येईल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाशी निगडित अशी एक हकीकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. ती आहे डॉस या जुन्या संचालन प्रणालीची.

संचालन प्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावरून आलेली आज्ञा समजून घेणे, तबकडीवर माहिती नीट ठेवणे आणि मागताच ती काढून देणे, ही तिची कामे. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला, तो मायक्रोसॉफ्टकडून घेतलेल्या डॉससह. पुढे डीबेस, लोटस, वर्डस्टार यांसारख्या आज्ञावली याच प्रणालीवर जगभरच्या कार्यालयांत चालल्या.

नंतर विंडोज आले आणि डॉसचे दिवस भरत आल्याची चिन्हे दिसू लागली. त्या वेळी अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स येथील शाखेत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या जिम हॉल या विद्यार्थ्याने २९ जून १९९४ रोजी एक जाहीर आवाहन केले. डॉसप्रमाणेच चालणारी, पण सर्वांना खुली असलेली प्रणाली आपण मिळून लिहू, असा त्याचा आशय होता. पॅट विलानी यांनी प्रणालीचा गाभा दिला, टिम नॉर्मन यांनी आज्ञा वाचणारा भाग लिहिला, इतरांनी छोटी मोठी साधने पुरविली. यातूनच ‘फ्रीडॉस’ उभी राहिली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघण्यास २००६ साल उजाडले. त्यानंतर २०१२, २०१६ व २०२२ साली सुधारित आवृत्त्या आल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये १.४ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. आज्ञा वाचणारा भाग, प्रणाली बसविण्याची व्यवस्था व मदतपुस्तिका यांत तिने सुधारणा केल्या.

मुक्तस्रोत म्हणजे केवळ फुकट नव्हे. गावच्या नळयोजनेचा नकाशा ठेकेदार घेऊन गेला, तर पुढे प्रत्येक गळतीला त्याचीच वाट पाहावी लागते. नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरी असला, तर कोणताही जाणकार कारागीर दुरुस्ती करू शकतो. आज्ञावलीची मूळ संहिता हा असाच नकाशा होय. ती पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार परवान्यानेच सर्वांना दिलेला असतो.

परवान्याचे महत्त्व खुद्द मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरूनही कळते. २०१४ साली तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांची संहिता अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयामार्फत प्रसिद्ध झाली, परंतु ती अभ्यासापुरती. २०१८ साली तीच संहिता एमआयटी परवान्याखाली पूर्णतः खुली झाली. एप्रिल २०२४ मध्ये आयबीएमच्या सहकार्याने ४.०० या आवृत्तीची भर पडली. संहिता दिसणे निराळे आणि वापरण्याचा हक्क मिळणे निराळे.

या प्रणालीचा आज उपयोग काय? आपल्याकडे विंडोजविना विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांत फ्रीडॉस घातलेली असते. ‘डॉसचा लॅपटॉप’ म्हणतात तो हाच. जुन्या आज्ञावली चालविणे आणि जुन्या फाईली उघडणे हा तिचा अधिक मोलाचा उपयोग. मात्र जुन्या धर्तीची बायॉस व्यवस्था नसलेल्या नव्या संगणकांवर ती थेट चालत नाही. तेथे संगणकाच्या आत जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीचा आधार घ्यावा लागतो.

मराठीचा संबंध येथे येतो. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून निघालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने पुरविलेले जिस्ट कार्ड बसविले, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. त्यामागील ‘इस्की’ ही संकेतपद्धती भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून प्रसिद्ध केली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. त्यामुळे इस्कीतील मजकूर आजही युनिकोडमध्ये आणता येतो. याउलट एखाद्या फाँटच्या खासगी संकेतात टंकलिखित केलेला मजकूर, तो फाँट व त्याचा तक्ता हरवला, तर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो.

म्हणून माझी आपणास तीन कामांची विनंती आहे. जुना संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्यातील फाईलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्या कोणत्या आज्ञावलीत व कोणत्या फाँटमध्ये तयार झाल्या, याची नोंद कागदावर करावी. आणि नवी आज्ञावली घेताना, माहिती खुल्या व प्रसिद्ध स्वरूपात बाहेर काढता येईल, ही अट करारात घालावी. कंपन्या येतील आणि जातील. जन्ममृत्यूची नोंद, मालमत्तेचा उतारा, शाळेचे सामान्य रजिस्टर यांची गरज मात्र पिढ्यानपिढ्या राहणार आहे.