कमानीआधी कुलूप

(तालुक्याच्या महिला मेळाव्यातील भाषण)



बाजारपेठ सुधारायची म्हटलं की नगरपालिकेच्या बैठकीत पहिली येते ती स्वागतकमान. मागोमाग रंगीत फरशी, कारंजं आणि शेवटी 'अतिक्रमण हटाव'. म्हणजे काय, तर टोपली घेऊन बसणारी भाजीवाली उठवायची. पैसे थोडे आहेत, हे सगळेच सांगतात. मग ते आधी कुणासाठी खर्च करायचे?

आमच्या गटातल्या बायकांनी एस.टी. स्टँडपासून चौकापर्यंत सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीनंतर फेऱ्या मारल्या. वहीत नोंदी केल्या. खांब होते, पण 11 दिवे बंद. गटारावरच्या फरश्या फुटलेल्या. बायकांची मुतारी बांधलेली, पण तिला कुलूप. पुरुषांची मात्र उघडी. पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन येणारी बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, लघवी दाबून धरते आणि दुखणं अंगावर काढते.

यातल्या कशालाच कमानीएवढा पैसा लागत नाही. दिवे दुरुस्त करा, फरश्या बसवा, कुलूप काढा. मुतारीला मात्र पाणी, सफाई आणि सफाई करणारीची मजुरी हा रोजचा खर्च आहे. तो अंदाजपत्रकात मांडून घेतला नाही, तर महिन्याभरात पुन्हा कुलूप लागतं.

भाजीवालीला उठवू नका, हे मी दयेपोटी म्हणत नाही. ती बसते म्हणून रात्री आठपर्यंत रस्ता जागता राहतो, क्लासहून येणाऱ्या मुलींना सोबत होते. कायदाही तिच्या बाजूचा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्यांना हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आपल्या गावात ही समिती आहे का? तिच्यात कोण आहे? माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारा.

मुतारीची मागणी करायला लाजू नका. मुंबईत 2011 साली 'राइट टु पी' मोहीम उभी राहिली. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. लहान गावातल्या बाईची गरज काही वेगळी नाही.

आमच्याकडे दिवे लागले, कुलूपही निघालं. भाजीवाल्यांच्या जागेचा प्रश्न अजून लोंबकळत आहे आणि कमानीचा ठराव तसाच आहे. नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या नगरसेविकेला सोबत घेऊन एकदा दिवेलागणीनंतर पेठेतून चाला. वही बरोबर ठेवा. मग अंदाजपत्रकाआधी सगळ्या मिळून नगरपालिकेत जा आणि वही टेबलावर ठेवा.