प्रसंगांतून ग्रंथपाल घडतो

(काळाचौकी येथे ग्रंथपालन वर्गाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार लाभला. या ग्रंथालयांना प्रशिक्षित सेवक मिळावेत, हा आपल्या वर्गाचा हेतू आहे. वर्गीकरण व तालिकीकरण तुम्ही पाठ्यपुस्तकातून शिकाल. परंतु नोकरी मिळविण्यास आणि टिकविण्यास जे गुण लागतात, ते प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या अभ्यासातूनच अंगी बाणतात.

असा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी गिरणगावातील एका वाचनालयात मी बसलो होतो. एक वृद्ध बाई आल्या. "यजमान गिरणीत होते. घराच्या अर्जाला कोणते कागद लागतात?" देवघेवीच्या मेजामागील तरुण नम्रपणे म्हणाला, "आजी, या विषयावर आपल्याकडे पुस्तक नाही." बाई मुकाट्याने निघून गेल्या.

त्याचे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यामुळे असा प्रश्न या भागात घरोघरी आहे. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामगार गिरणीच्या पटावर होता, याचा पुरावा घरासाठी लागतो. गिरणीचे ओळखपत्र, राज्य विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा कागद यांचा त्यासाठी उपयोग होतो. ही माहिती ग्रंथात नसली, तरी शासकीय जाहिरातींत व वृत्तपत्रांच्या फायलींत शोधता आली असती.

वर्गात हा प्रसंग नावगाव वगळून मांडावा. बाईंना नेमके काय हवे होते? कोणते प्रश्न विचारावयास हवे होते? माहिती कोठे शोधावी? आपले काम कोठे संपते व कोणत्या कार्यालयाकडे पाठवावे? विद्यार्थ्यांनी गटागटाने चर्चा करावी, एकाने वाचक व दुसऱ्याने ग्रंथपाल व्हावे आणि शेवटी प्रत्येकाने पानभर टिपण लिहावे. टिपणाविना चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा. ऐकणे, विचारणे, शोधणे, लिहिणे आणि जबाबदारी घेणे हे गुण यातून येतात. मुलाखतीत तेच पारखले जातात.

वाचकाचा वेळ वाचवावा, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगितले. त्या बाईंची फेरी वाया गेली. तुमच्या मेजावरून कोणीही तसे परतू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.